जैसे थे करार ते शरणागती: हैदराबादचे शेवटचे मंत्रिमंडळ आणि बीडचा मुलूख

मीर लायक अली यांचे मंत्रिमंडळ डिसेंबर १९४७ मध्ये हैदराबाद संस्थानात अधिकारावर आले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी त्याने राजीनामा दिला. जेमतेम नऊ महिने टिकलेले हे सरकार संक्रमणकाळासाठी होते. इंग्रजी सार्वभौमत्व संपले होते, निजामाने भारतातही प्रवेश केला नव्हता आणि पाकिस्तानातही नाही. भारताशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला होता आणि त्या वर्षात संस्थानाचे भवितव्य ठरायचे होते. विलीनीकरण, जनतेला जबाबदार असे सरकार आणि खेड्यापाड्यांतील जीविताची हमी हे तीन प्रश्न या मंत्रिमंडळापुढे होते. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर त्याने दिले नाही. भारतीय सैन्य सरहद्द ओलांडून आल्यावर ते पाच दिवसांत कोसळले, म्हणून त्याच्या पाडावाचे श्रेय सहसा सैन्याला दिले जाते. मराठवाड्यातला घटनाक्रम पाहिला तर मात्र असे दिसते की हे सरकार आतून आधीच पोखरले गेले होते. त्याचा हुकूम चालवणारी शक्ती त्याच्या हातात नव्हती आणि ज्यांच्यावर हुकूम चालवायचा ती गावे त्याला आपले मानायला तयार नव्हती.

बीड जिल्ह्यातले पाली हे गाव या घटनाक्रमाच्या मध्यावर येते. बीड शहरातून दक्षिणेला निघाले की बिंदुसरा नदीच्या खोऱ्यातून रस्ता पालीवरून बालाघाटाच्या रांगेकडे चढतो आणि घाट चढून मांजरसुंब्याला पोहोचतो. तिथून वाटा फुटतात. पाटोदा-जामखेडवरून अहमदनगरकडे जाणारी एक, चौसाळा-येरमाळ्यावरून सोलापूरकडे जाणारी दुसरी आणि केज-अंबाजोगाईवरून लातूरकडे जाणारी तिसरी. १९४७-४८ मध्ये यांतल्या पहिल्या दोन दिशा निजामाच्या हद्दीबाहेर, स्वतंत्र भारतात जात होत्या. तिसऱ्या वाटेवर संस्थानातल्या लढ्याचे दोन्ही ध्रुव होते. अंबाजोगाईत हैदराबाद स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांची शाळा होती, तर लातूर हे रझाकार या सशस्त्र स्वयंसेवक दलाचा पुढारी कासिम रझवी याच्या वकिलीचे गाव. पालीसारख्या गावाला हैदराबादच्या राजकारणाची झळ दूरवरून लागत नव्हती. ते राजकारण याच रस्त्यांवर चालले होते.

संस्थान प्रचंड होते. सुमारे ८२ हजार चौरस मैल क्षेत्र, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे १ कोटी ६३ लाख लोकसंख्या आणि तेलंगण, मराठवाडा व कर्नाटक असे तीन भाषिक प्रदेश. मराठवाड्याचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद असे पाच जिल्हे होते. लोकसंख्येत मुसलमानांचे प्रमाण आठात एक इतके असले तरी वरच्या सरकारी नोकऱ्यांत आणि सैन्यात त्यांचेच प्राबल्य होते. मात्र या राज्याला केवळ धर्माच्या चौकटीत बसवले तर त्याचा पाया दिसत नाही. तेलंगणातले देशमुख, अनेक हिंदू जहागीरदार, सावकार आणि वतनदार याच व्यवस्थेचे खांब होते, तर गरीब मुसलमान शेतकरी व विणकर तिच्या ओझ्याखाली हिंदू कुणब्याइतकेच दबलेले होते. जमिनीपैकी ढोबळमानाने साठ टक्के दिवाणी, म्हणजे सरकारी महसुलाची. उरलेली जहागिरींची आणि सर्फ-ए-खासची. सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खाजगी मालमत्ता, तिचे उत्पन्न थेट त्याच्या खजिन्यात जाई.

जिल्ह्याचा कारभार अव्वल तालुकदार पाही, तालुक्याचा तहसीलदार. कचेरीची आणि न्यायालयाची भाषा उर्दू. गावात पोलीस-पाटील, माली-पाटील आणि पटवारी. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद वाचून घ्यायला दुसऱ्याचा आधार लागे. मालाच्या ये-जावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. चलनही वेगळे होते. संस्थानाचा हाली सिक्का आणि इंग्रजी मुलखाचा कलदार असे दोन रुपये बाजारात शेजारी-शेजारी चालत आणि साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब सीमेवरच्या प्रत्येक व्यापाऱ्याला पाठ असे. बार्शी आणि अहमदनगरच्या पेठांशी व्यवहार असलेल्या बीडच्या मुलखात दोन्ही नाण्यांशिवाय बाजार भरत नसे.

या व्यवस्थेला पहिला मोठा तडा दुसऱ्या महायुद्धाने दिला. निजामाने इंग्रजांच्या युद्धप्रयत्नांना सढळ हाताने मदत केली. तिचा भार खाली उतरला तो महागाई, नियंत्रणे आणि सक्तीची धान्य-लेव्ही या रूपांनी. ठरवून दिलेले धान्य ठरवून दिलेल्या भावात सरकारात घालणे शेतकऱ्यावर बंधनकारक झाले. बड्या जमीनदाराला पटवाऱ्याशी संधान बांधून सुटका करून घेता येई, पण कोरडवाहू ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या बालाघाटातल्या कुणब्याच्या घरातले पोते मात्र हमखास उचलले जाई. युद्ध संपले तरी लेव्ही संपली नाही. सरकार म्हणजे काय, हे कोणत्याही सभेपेक्षा या वसुलीने गावाला अधिक स्पष्ट दाखवले. पुढे स्टेट काँग्रेसने लेव्हीविरोधी मोहीम हाती घेतली तेव्हा ती खेड्यात चटकन रुजण्याचे कारण हेच होते.

राजकीय जागृती त्याआधीच सुरू झाली होती. १९३५ मध्ये रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून अंबाजोगाईला आले. तेव्हा या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते आणि तिथे निजामाच्या घोडदळाची छावणी होती. योगेश्वरी नूतन विद्यालयात त्यांनी आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी मराठी मुलांची एक पिढी घडवली. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन झाली, आणि तिचे कामकाज सुरू होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. बंदी मोडण्यासाठी ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह झाला. मागणी निजामाला हटवण्याची नव्हती. त्याच्या छत्राखाली लोकांनी निवडलेले, लोकांना जबाबदार असलेले मंत्रिमंडळ असावे, एवढीच होती. ही मागणी १९३८ मध्ये मान्य झाली असती तर दहा वर्षांनंतरचे संकट याच रूपात उभे राहिले असते असे वाटत नाही. बंदी उठली ती जुलै १९४६ मध्ये. त्याच सुमारास जाहीर झालेल्या राजकीय सुधारणा इतक्या तोकड्या होत्या की काँग्रेसने निवडणुकांवर बहिष्कार टाकला. परिणाम असा झाला की भारत स्वतंत्र होत असताना संस्थानात जनतेच्या वतीने बोलू शकेल असे एकही कायदेशीर व्यासपीठ नव्हते. वाटाघाटी करायच्या तर त्या दरबाराशीच कराव्या लागत.

दुसऱ्या बाजूला मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन वाढत गेली. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेला बहादूर यार जंग यांनी मोठे केले. १९४४ मध्ये ते वारले. १९४६ मध्ये अध्यक्षपद कासिम रझवीकडे आले, आणि संघटनेची स्वयंसेवक शाखा, म्हणजे रझाकार, गणवेश आणि हत्यारे घेऊन कवायत करू लागली. पुढे त्यांची संख्या दोन लाखांच्या घरात असल्याचा दावा केला गेला. संस्थानाचे नियमित सैन्य मात्र बावीस-चोवीस हजारांच्या पलीकडे नव्हते आणि त्यातलेही पुरते प्रशिक्षित थोडेच. ज्या राज्यात खाजगी संघटनेची फौज सरकारी फौजेपेक्षा कित्येक पटींनी मोठी असते, तिथे मंत्रिमंडळाच्या ठरावाला किती अर्थ उरतो, हे लवकरच दिसून आले.

जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढले की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र सार्वभौम राज्य होईल. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला. १५ ऑगस्टला तिरंगा फडकवल्याबद्दल रामानंद तीर्थांना अटक झाली. मराठवाड्यात आंदोलन उभे राहिले आणि त्याने हात घातला तो थेट राज्याच्या उत्पन्नावर. शिंदीची झाडे तोडली गेली, कारण आबकारी हे सरकारचे मोठे उत्पन्न होते. करोडगिरीचे नाके जाळले गेले. पटवाऱ्यांची दप्तरे पेटवली गेली. विद्यार्थी शाळा-महाविद्यालयांतून आणि वकील न्यायालयांतून बाहेर पडले. या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य हे की त्यात निजामाविरुद्धच्या भाषणांपेक्षा राज्ययंत्राच्या एकेका कामाचा खोळंबा अधिक होता. महसुलाचा कागद नसेल तर वसुली नाही, नाका नसेल तर जकात नाही.

याच सुमारास भारताशी वाटाघाटी चालल्या होत्या. निजामाच्या बाजूने पंतप्रधान छतारीचे नवाब, घटनातज्ज्ञ वॉल्टर मॉन्कटन आणि सर सुलतान अहमद होते. जैसे थे कराराचा मसुदा तयार झाला. २५ ऑक्टोबर १९४७ रोजी निजामाच्या कार्यकारी मंडळाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी स्वीकारला आणि निजामानेही मान्यता दिली. सही मात्र एक दिवस लांबली. २७ ऑक्टोबरच्या पहाटे रझवीच्या माणसांच्या हजारोंच्या जमावाने छतारी, मॉन्कटन आणि सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला, जेणेकरून ते दिल्लीला जाऊ नयेत. पोलीस कुठे दिसले नाहीत. निजामाने निर्णय फिरवला आणि छतारींनी राजीनामा दिला. हैदराबादच्या अंताची सुरुवात याच पहाटे झाली असे मानायला जागा आहे. पंतप्रधानाला आपल्या घरातून बाहेर पडता येत नाही आणि त्याबद्दल कुणालाही शिक्षा होत नाही, हे संस्थानातल्या प्रत्येक तहसीलदाराने, प्रत्येक फौजदाराने आणि प्रत्येक रझाकाराने पाहिले.

तीस वर्षांपूर्वी रशियात अशीच स्थिती निर्माण झाली होती. मार्च १९१७ मध्ये झार पायउतार झाल्यावर आलेल्या हंगामी सरकारला आठ महिने मिळाले. आधी राजपुत्र ल्वॉव आणि मग केरेन्स्की यांच्या नेतृत्वाखालच्या त्या सरकारने युद्ध चालू ठेवले, जमिनीचा प्रश्न संविधान सभेवर सोडला आणि संविधान सभेची निवडणूक लांबवत नेली. दरम्यान पेट्रोग्राडचे सैनिक आणि कामगार त्यांच्या सोव्हिएटचे ऐकत होते. सप्टेंबरमध्ये सेनापती कोर्निलोव्हने राजधानीवर चाल केली तेव्हा सरकारला कामगारांच्या हाती बंदुका द्याव्या लागल्या. त्याच हत्यारबंद कामगारांतून वाढलेल्या रेड गार्डने नोव्हेंबरमध्ये ते सरकार खाली खेचले. दोन्हीकडे अंतरिम सरकारचे दुखणे एकच होते. ज्या प्रश्नांसाठी लोक उठले ते पुढे ढकलायचे आणि शस्त्र दुसऱ्याच्या हाती राहू द्यायचे. फरकही मोठा आहे. रशियात शस्त्रधारी शक्ती सरकारच्या विरोधात होती, हैदराबादेत ती सरकारच्या नावाने वावरत होती. त्यामुळे रशियात सत्ता रस्त्यावरून उलथली गेली, तर हैदराबादेत सत्ता आतल्या आत रझवीकडे सरकली आणि खुर्चीवरची माणसे नावापुरती उरली.

नव्या शिष्टमंडळाने जवळपास तोच मसुदा पुन्हा दिल्लीला नेला आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी करारावर सह्या झाल्या. संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण यांबाबत इंग्रजांच्या काळातली व्यवस्था एक वर्ष तशीच चालायची होती. भारतीय सैन्य सिकंदराबादहून निघून जाणार होते आणि दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी एकमेकांकडे राहणार होते. भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी जानेवारी १९४८ मध्ये आले. पंतप्रधानपदी इत्तेहादच्या पसंतीचे मीर लायक अली बसले. ते अभियंता आणि उद्योगपती होते, नुकतेच संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानच्या शिष्टमंडळात काम करून आले होते. मंत्रिमंडळ सर्वसमावेशक दिसावे म्हणून पिंगळी वेंकटराम रेड्डी यांना उपपंतप्रधान आणि दलित पुढारी बी. एस. वेंकटराव यांना मंत्री करण्यात आले. जे. व्ही. जोशी हेही मंत्रिमंडळात होते. बाहेर राहिली ती स्टेट काँग्रेस, म्हणजे ज्या संघटनेला खेड्यात मान होता ती. करारानंतर सुटलेल्या रामानंद तीर्थांना २६ जानेवारी १९४८ रोजी पुन्हा अटक झाली आणि संस्थान पडेपर्यंत ते तुरुंगातच राहिले. संक्रमणकाळाचे सरकार चालवायचे आणि संक्रमण ज्यांच्यासाठी त्यांचा पुढारी कोठडीत ठेवायचा, हा या मंत्रिमंडळाचा सर्वांत घातक निर्णय होता. वाटाघाटींसाठी समोर कुणी उरलेच नाही.

सरकारचे पहिले काही आदेश सीमाभागाला थेट भोवले. मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंदी आली आणि भारतीय चलन संस्थानात बेकायदा ठरले. त्याच वेळी पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात दिल्याचे उघड झाले. दिल्लीने याला कराराचा भंग म्हटले. हैदराबादने उलट तक्रार केली की भारत मालाची नाकेबंदी करत आहे. नाकेबंदीची झळ खरी होती. मीठ, औषधे, इंधन यांची टंचाई झाली आणि ती शहरातल्या श्रीमंताला कमी, खेड्यातल्या गरिबाला जास्त भोगावी लागली. बीडकडच्या शेतकऱ्याला कलदार खिशात बाळगणे हा आता गुन्हा होता, आणि ज्या बार्शीच्या पेठेत तो कापूस-भुसार विकत होता तिथे हाली सिक्क्याला कुणी विचारत नव्हते. चलनाचा तो हुकूम हैदराबादेत सार्वभौमत्वाची खूण वाटला असेल, बाजारात मात्र त्याचा अर्थ माल घरात कुजणे असा होता.

शांततेच्या मार्गाने काही होत नाही हे पाहून स्टेट काँग्रेसच्या कृती समितीने सीमेपलीकडे तळ उभारले. दिगंबरराव बिंदू समितीचे अध्यक्ष होते, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे तरुण नेते मागे उभे होते. सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेड अशा ठिकाणांहून सशस्त्र तरुण संस्थानात शिरत, नाके आणि पोलीस ठाणी उडवत आणि परत जात. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटून लाखो रुपये लढ्यासाठी नेण्यात आले. सीमेलगतची काही गावे तर निजामाच्या कारभाराबाहेर काढून तिथे लोकांचा कारभार सुरू झाला. तेलंगणात याच काळात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव चालला होता. तिथे देशमुखांच्या जमिनींचे वाटप होत होते आणि गावेच्या गावे गाव-समित्यांच्या ताब्यात गेली होती. म्हणजे संस्थानाच्या पूर्वेला जमिनीसाठी आणि पश्चिमेला विलीनीकरणासाठी असे दोन बंड एकाच वेळी सुरू होते. शासनाला या दोन्हींतला फरक ओळखून एकाशी तरी तडजोड करता आली असती. ते झाले नाही, कारण बंडाला उत्तर देण्याचे काम सरकारने रझाकारांवर सोपवले होते.

रझाकारांच्या टोळ्या पोलिसांबरोबर आणि कित्येकदा पोलिसांच्या पुढे गावांवर जात. गाव बंडखोरांना भाकरी देते असा संशय आला की घरे जाळणे, लूट, खून आणि स्त्रियांवरचे अत्याचार होत. बिदर जिल्ह्यातील गोर्टा गावातले हत्याकांड याच काळातले. २२ मे १९४८ रोजी गाणगापूर स्थानकावर रेल्वेगाडीवर हल्ला झाला. मराठवाड्यातून हजारो कुटुंबे बैलगाड्या जुंपून नगर, सोलापूर आणि वऱ्हाडात निघून गेली. सर्वांत बोलका पुरावा मंत्रिमंडळाच्या आतूनच आला. मंत्री जोशी यांनी परभणी-नांदेड भागाची परिस्थिती पाहिली, लोहा इथला विध्वंस पाहिला आणि कायदा-सुव्यवस्था उरली नसल्याचे लिहून राजीनामा दिला. आपल्याच मंत्र्याची साक्ष समोर असताना लायक अलींनी रझाकार संघटनेला हात लावला नाही. त्यांची इच्छा नव्हती की हिंमत नव्हती यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. परिणामाच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही.

वाचण्याची एक संधी जूनमध्ये आली होती. लॉर्ड माउंटबॅटन भारत सोडण्याआधी तडजोडीचा मसुदा तयार झाला. निम्मे सदस्य बिगर-मुस्लिम असलेले अंतरिम सरकार, १९४९ च्या सुरुवातीला संविधान सभा आणि रझाकारांचे टप्प्याटप्प्याने विसर्जन ही त्याची मुख्य कलमे. विलीनीकरणाचा आग्रह त्यात बाजूला ठेवला होता. भारतातल्या अनेकांना हा मसुदा फार नमता वाटत होता आणि सरदार पटेलांनी तो नाखुशीनेच मान्य केला होता. निजामाने तोही नाकारला. माउंटबॅटन २१ जूनला मायदेशी गेले. याहून अनुकूल अटी हैदराबादला पुन्हा कधीच मिळणार नव्हत्या. दरबाराचा भरवसा कराचीहून सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक रातोरात उतरवत असलेल्या शस्त्रांवर, पाकिस्तानच्या मदतीवर आणि भारत काश्मीरात गुंतला आहे या हिशेबावर होता.

जुलैमध्ये बार्शी-सोलापूर मार्गावर नान्नज इथे भारतीय तुकडीवर गोळीबार झाला. भारतीय मुलखाने वेढलेले हे निजामी गाव भारतीय सैन्याने ताब्यात घेतले. ऑगस्टमध्ये हैदराबाद शहरात बाकर अली मिर्झा आदी सात प्रतिष्ठित मुसलमानांनी रझाकार संघटना विसर्जित करा आणि भारतात सामील व्हा असे जाहीर आवाहन केले. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हीच भूमिका सातत्याने मांडली होती. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात कार्यालयातून घरी परतताना त्यांची हत्या झाली. रझाकारांनी आपल्याच समाजातला विवेकी आवाज असा बंद केला. हैदराबादचे मुसलमान एकजात रझवीमागे होते हा समज शोएबुल्ला खानांच्या रक्ताने खोटा ठरवला आहे. याच सुमारास, २१ ऑगस्टला, हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तार करून भारताविरुद्ध तक्रार नोंदवली.

११ सप्टेंबरला कराचीत जीनांचे निधन झाले. १३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मुख्य फौज सोलापूरकडून आत शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला. दुसरी फौज पूर्वेकडून, बेझवाड्याच्या बाजूने निघाली. मराठवाड्यात औरंगाबाद, जालना, लातूर भराभर हाती आले. १५ तारखेला मोमिनाबादच्या छावणीतल्या गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेवली. रझवीने ज्या फौजेच्या बळावर दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याच्या वल्गना केल्या होत्या, तिने अंबाजोगाईत एक दिवसही धरला नाही. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद हैदराबादची तक्रार विचारात घेत होती. १७ ला सकाळी लायक अलींनी राजीनामा दिला, संध्याकाळी निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली आणि १८ ला सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली.

एवढ्या वेगाने कोसळण्यामागे लष्करी कारणे होतीच. सैन्य अपुरे होते, हवाई दल नव्हते, बाहेरून मदत येणार नव्हती. परंतु प्रशासन या पाच दिवसांत कुठेही उभे राहिले नाही, हे केवळ लष्करी कारणांनी समजत नाही. ज्या जिल्ह्यांतून सैन्य गेले तिथे महसूल वर्षभर नीट जमा झालेला नव्हता, दप्तरे जळाली होती, गावकरी परागंदा होते आणि उरलेले सैन्याची वाट पाहत होते. लायक अलींनी करारातून एक वर्ष मिळवले, ते शस्त्रे आणण्यात आणि जगापुढे दाद मागण्यात घालवले. तेच वर्ष राज्याच्या आतला पाठिंबा मिळवण्यात घालवले असते तर निदान वाटाघाटीत त्यांच्या शब्दाला वजन आले असते. लेव्ही सैल करणे, जहागिरीतल्या कुळाला संरक्षण, मराठी-तेलुगू-कन्नड शाळा, तुरुंगातल्या नेत्यांची सुटका ही कामे भारताच्या परवानगीवाचून होण्यासारखी होती. त्यांतले एकही झाले नाही.

या पाडावाची काळी बाजू नंतरच्या आठवड्यांत उघडी पडली. रझाकारांचा सूड म्हणून मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या भागात मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता असे शेतकरी, कारागीर आणि त्यांची बायकामुलेही मारली गेली. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे म्हणून नोंदवले, बीड व औरंगाबादही हिंसेतून सुटले नव्हते. ‘पोलीस कारवाई’ म्हणवल्या गेलेल्या या लष्करी मोहिमेच्या काळात आणि नंतर किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मेल्याचा समितीचा सावध अंदाज होता. शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवणाऱ्या हिंदू कुटुंबांची नोंदही समितीने केली. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात हे प्रकरण फार काळ दबलेले राहिले. त्याचे मोल ज्यांनी चुकवले त्यांच्यावर तो अन्यायच होता.

जनरल चौधरी १९४९ अखेरपर्यंत लष्करी राज्यपाल होते. सर्फ-ए-खास फेब्रुवारी १९४९ मध्ये सरकारजमा झाले, ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला. लायक अली नजरकैदेतून निसटून १९५० मध्ये पाकिस्तानात गेले. रझवी शिक्षा भोगून १९५७ मध्ये तिकडेच गेला. निजाम नव्या हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने बुर्गुल रामकृष्ण राव यांचे मंत्रिमंडळ आले आणि १९३८ मध्ये मागितलेली जबाबदार राज्यपद्धती चौदा वर्षांनी प्रत्यक्षात आली. बीडने त्याच निवडणुकीत लोकसभेवर पाठवले ते अंबाजोगाईच्या शाळेतले बाबासाहेब परांजपे यांना, आणि तेही काँग्रेसतर्फे नव्हे, तर डाव्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटतर्फे. त्याच दशकात पालीजवळ बिंदुसरेवर धरण झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे त्रिभाजन होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. १९६७ मध्ये बीडच्या मतदारांनी साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील यांना लोकसभेवर निवडून दिले.